पाकीट उलटे करून वाचण्याची सवय

माझ्या मामांना मधुमेहाचे निदान झाले, तेव्हा घरातल्या फडताळातून क्रीमची बिस्किटे रातोरात हद्दपार झाली आणि त्यांच्या जागी गव्हाच्या लोंब्यांचे चित्र छापलेली, तपकिरी रंगाची, पाहताक्षणी पथ्याची वाटणारी बिस्किटे आली. मामा चहा बिनसाखरेचा घेऊ लागले आणि त्याबरोबर सकाळी चार, संध्याकाळी चार अशी ही बिस्किटे निर्धास्तपणे खाऊ लागले. एका दुपारी मी तो पुडा उलटा करून मागचा तक्ता वाचला. शंभर ग्रॅममागे साखर १७ ग्रॅम होती आणि स्निग्धांश २० ग्रॅम. काट्यावर एक बिस्कीट १२ ग्रॅमचे भरले, म्हणजे आठ बिस्किटांतून रोज सुमारे १६ ग्रॅम साखर पोटात जात होती. चहातून काढलेले तीन चमचे बिस्किटांच्या वाटेने परत आले होते आणि सोबत चार चमचे तेलही घेऊन आले होते.

यात कोणी खोटे बोलले होते असे नाही, कारण सगळे आकडे पुड्यावर छापलेले होते. मात्र ते मागच्या बाजूला होते आणि मामांनी पुढची बाजू वाचली होती. पुढच्या बाजूवर विकणाऱ्याला सांगावेसे वाटते ते असते, तर मागच्या बाजूवर कायद्याने सांगायला लावलेले असते. म्हणून पाकीटबंद पदार्थ घेताना पहिली सवय लावायची ती पाकीट हातात येताच उलटे करण्याची. मागचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, क्वचित हिंदीत, आणि मराठीत तर जवळपास नसतोच. त्यामुळे खाली जे शब्द येतील ते घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा पाकीट समोर धरून दाखवून द्यावेत. अक्षर बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठे करून वाचावे. दुकानात याचा संकोच वाटण्याचे कारण नाही. भाजी घेताना आपण वांगे दाबून पाहतोच की.

घटकांची यादी आधी, तक्ता नंतर

बहुतेक लोक थेट कॅलरीचा आकडा शोधतात. माझ्या मते आधी ‘इन्ग्रेडियंट्स’ या शब्दापुढची यादी वाचावी, कारण तिच्यात एक साधा नियम आहे: जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो पहिला, आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे. त्यामुळे पहिले तीन शब्द वाचले की तो पदार्थ मुळात काय आहे हे कळते. पुढे ‘मल्टिग्रेन’ लिहिले असेल आणि मागे पहिला शब्द ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल, तर तो मैदा आहे. दुसरा शब्द साखर आणि तिसरा पामतेल असेल, तर धान्ये चवीपुरती आहेत हे उघड आहे. याच यादीत कंसातली टक्केवारी शोधावी. पाकिटावर एखाद्या घटकाचा शब्दांत किंवा चित्रात गवगवा केला असेल, तर त्याचे प्रमाण टक्क्यांत छापण्याचे बंधन आहे. नाचणीची कणसे मोठ्या दिमाखाने छापलेल्या बिस्किटात नाचणी किती, हे त्या कंसात दिसते आणि तो आकडा पुष्कळदा एकेरी निघतो.

साखर एकाच नावाने येत नाही, ही या यादीतली मुख्य खुबी. शुगर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप, मध, गूळ, खजुराचे सिरप ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत. ती वेगवेगळी लिहिली की प्रत्येकाचे वजन कमी भरते आणि यादीत प्रत्येक जण खाली सरकतो. एकत्र मोजली असती तर कदाचित पहिल्या क्रमांकावर आली असती. माल्टोडेक्स्ट्रिन हा तर आणखी मुरलेला गडी आहे. ते तक्त्यात साखरेच्या रकान्यात मोजले जात नाही, कर्बोदकांत मोजले जाते. पण रक्तातली साखर मात्र ते झपाट्याने वाढवते. मधुमेहींनी ‘शुगर फ्री’ पावडरी आणि बिस्किटे घेताना हा शब्द मुद्दाम शोधावा. गुळाच्या कुकीजबद्दलही हेच: गुळाला आपल्या मनात मान आहे आणि चवही आहे, पण गूळ म्हणजे मुख्यतः साखरच.

तेलाच्या बाबतीत ‘एडिबल व्हेजिटेबल ऑइल’च्या पुढचा कंस वाचावा. तिथे बहुधा पाम किंवा पामोलीन असते, कारण ते स्वस्त असते आणि लवकर खवट होत नाही. पामतेलातला जवळपास निम्मा भाग संपृक्त, म्हणजे ‘सॅच्युरेटेड’ स्निग्धांश असतो. वनस्पती तुपामुळे कुप्रसिद्ध झालेल्या ट्रान्स फॅटवर भारतात जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पाकिटावर ‘झीरो ट्रान्स फॅट’ असे ठळक छापलेले दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. जे कायद्यानेच जवळपास हद्दपार केले आहे, त्याच्या अभावाची ती जाहिरात असते. संपृक्त स्निग्धांश किती, हा प्रश्न तिने सुटत नाही.

तक्ता आपल्या वाटीने मोजावा

पोषणाच्या तक्त्यात बहुधा दोन प्रकारचे आकडे असतात: एक शंभर ग्रॅममागचे आणि दुसरे ‘पर सर्व्ह’, म्हणजे एका वेळच्या खाण्याचे. यातला दुसरा आकडा फसवा असतो, कारण एका वेळचे खाणे किती धरायचे हे उत्पादकच ठरवतो. त्याच्यापुढे रोजच्या गरजेची टक्केवारीही असते. तिचा आधार दिवसाला २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण स्निग्धांश, २२ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हा असतो. हे मोठ्या माणसाचे माप आहे. बालवाडीतल्या मुलाची गरज याहून बरीच कमी असते, त्यामुळे मुलांच्या खाऊवरची टक्केवारी वाचताना ती मनातल्या मनात वाढवून वाचावी. साखरेचे ५० ग्रॅम ही तर वरची हद्द आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचना साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, शेवेचे २०० ग्रॅमचे पाकीट आहे आणि त्यावर शंभर ग्रॅममागे ५७० किलोकॅलरी, ४२ ग्रॅम स्निग्धांश, त्यातला १४ ग्रॅम संपृक्त आणि ८५० मिलिग्रॅम सोडियम असे आकडे आहेत. या वर्गातल्या पाकिटांवर साधारण असेच आकडे दिसतात. ‘सर्व्ह’ २० ग्रॅमचा धरला आहे, म्हणून टक्केवारीच्या रकान्यात स्निग्धांशापुढे १२ ते १३ टक्के असा बिनधोक आकडा छापलेला आहे. आता ओट्यावर वजनकाटा ठेवावा, रोजची आमटीची वाटी घ्यावी आणि टीव्हीसमोर बसताना भरतो तशी ती शेवेने भरावी. आमच्याकडे ती ४० ग्रॅम भरली. म्हणजे १७ ग्रॅम तेल आणि साडेपाच ग्रॅमच्या वर संपृक्त स्निग्धांश: दोन्हींचा दिवसाचा पाव हिस्सा एका वाटीत, तोही जेवण सोडून. आणखी एक हिशेब करावा. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी मिळतात. ४२ ला ९ ने गुणले तर ३७८ येतात, म्हणजे ५७० पैकी दोन तृतीयांश ऊर्जा तेलाची आहे. आपण तिला बेसनाची शेव म्हणतो, पण ऊर्जेच्या हिशेबाने ती बेसनाला चिकटलेली तेलाची शेव आहे.

असा हिशेब प्रत्येक पाकिटाचा करणे कोणालाच जमणार नाही, आणि करायची गरजही नाही. घरात नेहमी येणाऱ्या सात-आठ वस्तूंचा एका रविवारी करावा आणि निकाल डब्यावर चिकटपट्टी लावून लिहावा. साखरेचे ग्रॅम पाचाने भागले की चमचे मिळतात. थंड पेयात शंभर मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सहा चमच्यांहून जास्त. पाहुण्याने चहात सहा चमचे साखर मागितली तर आपण त्याच्याकडे बघत राहू. दोन पाकिटांची तुलना करताना मात्र नेहमी शंभर ग्रॅमचाच रकाना घ्यावा. ब्रिटनमध्ये पाकिटाच्या पुढच्या बाजूला लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांची पद्धत आहे. तिच्यात घन पदार्थाला शंभर ग्रॅममागे साखर साडेबावीस ग्रॅमच्या वर, स्निग्धांश साडेसतराच्या वर किंवा संपृक्त स्निग्धांश पाचाच्या वर गेला की लाल रंग मिळतो. आपल्या पाकिटांवर हे रंग नसले तरी हे तीन आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत.

न लागणारे मीठ

मिठाचा मुद्दा मी वेगळा काढतो, कारण साखर जिभेला कळते, तेल बोटांना कळते, पण पाकिटातले मीठ पुष्कळदा कशालाच कळत नाही. तक्त्यात मीठ लिहिलेले नसते, ‘सोडियम’ मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे आणि तिच्यात घरचा स्वयंपाकही आला. झटपट नूडल्सच्या एका पाकिटात ९०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते सव्वादोन ग्रॅम मीठ झाले. जवळजवळ अर्धा दिवस तिथेच संपला. मुले त्या मसाल्याची दुसरी पुडीही फोडतात, तो भाग निराळा.

यातली गंमत अशी की सोडियम फक्त मिठातून येत नाही. खाण्याचा सोडा, पापडखार, बेकिंग पावडर, टिकवण्यासाठी घातलेला सोडियम बेंझोएट, चवीसाठी घातलेले अजिनोमोटो, म्हणजे पाकिटावरचे ‘एमएसजी’, या सगळ्यांत सोडियम असते. म्हणून पाव, खारी, ब्रेड हे पदार्थ खारट न लागताही रोजच्या सोडियममध्ये मोठी भर घालतात, आणि ते आपण मोजत नाही कारण ते ‘साधे’ खाणे वाटते. अजिनोमोटोबद्दल लोकांच्या मनात जी विषासारखी भीती आहे ती मला अवाजवी वाटते. वजनाला वजन धरले तर त्यात मिठाच्या साधारण एक तृतीयांशच सोडियम असते. खरी अडचण ही की ‘नो अॅडेड एमएसजी’ एवढे वाचून माणूस निश्चिंत होतो आणि त्याच तक्त्यातला सोडियमचा आकडा पाहत नाही. रक्तदाबाच्या रुग्णांनी पापड, लोणचे, सॉस, सूपची पाकिटे आणि नूडल्स या पाच वस्तूंचा सोडियमचा आकडा एकदा तरी कागदावर लिहून बेरीज करावी.

पुढच्या बाजूचे शब्द

पुढच्या बाजूवरचे काही शब्द वारंवार भेटतात, त्यांची थोडी ओळख असावी. ‘हेल्थ ड्रिंक’ असा कोणताही वर्ग आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. दुधात घालायच्या माल्ट पावडरी या नावाखाली दाखवू नयेत, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले. दाट केलेल्या अर्कात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असे लिहू नये, असाही आदेश त्याच वर्षी जूनमध्ये निघाला. आंब्याच्या ज्या पेयावर ‘फ्रूट ड्रिंक’ लिहिलेले असते, त्यात दहा टक्के रस असला तरी नियम पाळला जातो. उरलेले मुख्यतः पाणी आणि साखर. आइस्क्रीमच्या फ्रीजमधल्या कित्येक कपांवर बारीक अक्षरांत ‘फ्रोझन डेझर्ट’ असते, त्याचा अर्थ दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरले आहे. तपकिरी ब्रेडचा रंग गव्हाच्या कोंड्याचाच असेल असे नाही, यादीत ‘कॅरॅमल कलर’ किंवा आयएनएस १५० हा त्याच रंगाचा सांकेतिक क्रमांक आहे का ते पाहावे. ‘बेक्ड’ या शब्दाचा अर्थ तळलेले नाही एवढाच. तेल मळतानाही घालता येते.

आणि उपवासाचा चिवडा. पाकिटातल्या तळलेल्या बटाट्याच्या सळ्या, तळलेले शेंगदाणे, पिठीसाखर आणि सैंधव, असा तो ऐवज असतो. त्याला धर्माची मान्यता असल्यामुळे आपल्याकडे तो कोणी मोजत नाही, आणि एकादशीला दुप्पट खाशी हे पूर्वीपासून चालत आलेलेच आहे. सैंधव हेही मीठच असते, हे येथे नोंदवून ठेवतो.

हॉटेलात पाकिटाला मागची बाजू नसते

हॉटेलातल्या बशीवर तक्ता छापलेला नसतो. ज्यांच्या दहा किंवा अधिक शाखा आहेत, अशा साखळी उपाहारगृहांना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी देण्याचे बंधन जुलै २०२२ पासून आहे. तिथे तो आकडा वाचावा आणि सॉस, जादा चीज व पेय त्यात धरले आहे का ते विचारावे. बाकी ठिकाणी स्वयंपाकघर कसे चालते हे माहीत असणे, हाच आपला तक्ता.

गर्दीच्या वेळी दहा मिनिटांत भाजी टेबलावर यायची तर ती मुळापासून शिजवणे शक्य नसते. म्हणून पंजाबी भाज्या देणाऱ्या हॉटेलांत सकाळीच दोन-तीन ग्रेव्ह्या मोठ्या पातेल्यांत करून ठेवतात: काजू आणि मगज, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया, वाटून केलेली पांढरी, टोमॅटोची मखनी, आणि तेलात परतलेल्या कांद्याची तपकिरी. ऑर्डर आली की कढईत तेल किंवा लोणी, त्यावर ग्रेव्ही, त्यात पनीर किंवा भाजी, आणि वरून क्रीम. म्हणजे तेल दोनदा पडते आणि काजूचे स्निग्ध वेगळे. घरी चार जणांच्या भाजीला आपण जेवढे तेल घालतो तेवढे तिथे एका बोलमध्ये सहज असते. हे टाळायचे तर नावापेक्षा रंग पाहून मागवावे: पांढरी आणि शेंदरी ग्रेव्ही जड, सुकी भाजी आणि साधी दाल त्या मानाने हलकी. दालीला तडका कमी सांगावा. रोटीला लोणी लावू नका, हे ऑर्डर देतानाच सांगावे, कारण तंदूरमधून निघताक्षणी लावले जाते. तंदुरी रोटीत मैदा किती, हे वेटरला विचारायला हरकत नाही. प्रामाणिक वेटर हसतो, आणि त्यातच उत्तर मिळते.

पावभाजीच्या तव्यावर पडणारा लोण्याचा गोळा सर्वांना दिसतो, पाव भाजताना लागणारा दुसरा गोळा दिसत नाही. एक मोठा चमचा लोणी म्हणजे सुमारे शंभर किलोकॅलरी आणि सात ग्रॅम संपृक्त स्निग्धांश, म्हणजे दिवसाच्या हिश्शाचा जवळपास तिसरा भाग. मिसळीत तर्री वेगळ्या वाटीत मागवावी. बशीत किती ओतायची ते मग आपल्या हातात राहते, आणि मटकी थोडी वाढवून, फरसाण निम्मे करून मागितले तर बहुतेक ठिकाणी देतात. चायनीजच्या गाडीवर खरा खर्च सोया सॉसचा असतो: एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम. फ्रँकी, मोमो आणि सॅलड यांवर जे मेयोनीज पडते ते तेल फेटून घट्ट केलेले असते, म्हणून ‘सॅलड’ या शब्दाचे पुण्य त्यामुळे बरेच कमी होते.

या सगळ्यात वडापावाला मी थोडे झुकते माप देतो. तो तळलेला आहे, पाव मैद्याचा आहे, हे तो लपवत नाही. त्यामुळे खाणारा एक खातो, फार तर दोन, आणि जेवणातली पोळी कमी करतो. पथ्याच्या नावाने खाल्लेल्या बिस्किटांच्या बाबतीत असा हात आखडला जात नाही. मात्र कढईकडे एकदा नजर टाकावी. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात पोलर कंपाउंड्स म्हणून ओळखली जाणारी द्रव्ये साठतात, आणि त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल तळणीला वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. आपल्याजवळ ते मोजायचे यंत्र नसते, पण तेल काळपट आणि दाट दिसणे, वडा सोडल्यावर वर फेस टिकून राहणे, मध्यम आचेवरही धूर येणे आणि घशाशी येणारा वास या खुणा पुरेशा आहेत. त्यातली एकही दिसली तर पुढच्या गाडीपर्यंत चालत जावे.

पाकिटाची पुढची बाजू आणि मागची बाजू एकमेकींशी जुळत नसतील, किंवा तक्ताच नसेल, तर आधी पाकिटाचा आकार पाहावा. गोळ्या, सॉसच्या पुड्या अशा अगदी लहान वेष्टनांना बराचसा मजकूर न छापण्याची सूट आहे. सूट लागू नसेल, तर दोन्ही बाजूंचे फोटो, चौदा अंकी परवाना क्रमांक आणि दुकानाचे बिल जपून ठेवावे. तक्रार एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या सोयीवरून करता येते, किंवा महाराष्ट्रात जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी देता येते. रिकामे पाकीट टाकून देऊ नये. तारखेचा आणि बॅच क्रमांकाचा शिक्का पुष्कळदा शिवणीजवळ असतो आणि पाकीट फाडताना तोच आधी जातो, म्हणून कात्रीने दुसऱ्या टोकाकडून उघडावे.